मंडळीचा प्रश्न आणि माणसाचे गुपित

शाळेच्या वार्षिकात पाळक आणि मंडळी यांविषयीचा लेख कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही वाचकांस पडणे साहजिक आहे. आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळजण ख्रिस्ती नाहीत. आणि जे आहेत त्यांपैकीही बऱ्याच जणांना रविवारची उपासना म्हणजे वसतिगृहातून रांगेने नेऊन बसविण्याचा एक कार्यक्रम, इतपतच ठाऊक असते. तथापि वीस वर्षे शिकविल्यावर आमच्या ध्यानात आले आहे ते असे की, आज जो मुलगा मागच्या बाकावर बसून उपदेशाची मिनिटे मोजतो, तोच पंधरा वर्षांनी पंच म्हणून निवडून येतो, मंडळीची वही हाती घेतो आणि पाळकसाहेबांना चार गोष्टी सुनावतो. जे ख्रिस्ती नाहीत ते आपापल्या गावी देवस्थानाचे विश्वस्त होतात किंवा पतपेढीचे चिटणीस होतात. एकत्र राहणाऱ्या माणसांनी आपले बरेवाईट एकत्र कसे ठरवावे, हा प्रश्न या सर्वांपुढे येणारच आहे. आम्ही तो आमच्या घरच्या उदाहरणाने मांडतो, कारण ते घर आम्हांस आतून ठाऊक आहे.

आमच्या मराठी मंडळ्यांतील रविवारची उपासना पुष्कळांच्या परिचयाची आहे. गीत होते, शास्त्रपाठ होतो, आणि उपदेशापूर्वी सेक्रेटरी उभे राहून सूचना वाचतात. महिला मंडळाची सभा कोणाच्या घरी, हंगामाच्या सणाला लिलावात घेतलेल्या नारळांचे व कोंबड्यांचे पैसे कोणाकडून येणे आहेत, दफनभूमीच्या कुंपणासाठी घरटी वर्गणी किती, कोण रुग्णालयात आहे. मग पाळक उभे राहून उपदेश करतात, आणि तो बहुधा चांगलाच असतो. परंतु कुंपणाची वर्गणी आणि स्वर्गाचे राज्य यांच्यामध्ये माणसाच्या आयुष्याचा जो विस्तीर्ण प्रदेश पसरला आहे, त्याचा उल्लेख या दोहोंतही सापडत नाही. बहिणीचा वाटा द्यावा की नाही, मुलीचे लग्न कोठे जमवावे, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याकडे तिला परत पाठवावे काय, शेजाऱ्याने दिलेला प्रसाद घ्यावा काय, सख्ख्या भावावर फिर्याद करावी काय, हे प्रश्न बाकांवर बसलेल्या माणसांच्या मनात असतात, आणि उपासना सुटल्यावर फाटकाजवळ हळू आवाजात बोलले जातात. पाळकांच्या कानी ते जात नाहीत असे मुळीच नाही. ते ऐकतात, घरोघर जाऊन समजूत घालतात, प्रार्थना करतात. पण मंडळीचा प्रश्न म्हणून मंडळीपुढे तो येत नाही. सबंध मंडळीला उद्देशून पाळक खरोखर विचारतात तो प्रश्न एकच: अमुक तरुण व अमुक तरुणी यांच्या विवाहास कोणाची हरकत आहे काय? आणि त्याला उत्तर न येण्यातच सर्वांचे सुख असते.

आमचे म्हणणे असे की, पाळकाने हे प्रश्न मंडळीपुढे आणावे, आणि आणताना निकाल सोबत बांधून न आणता विचारासाठी आणावे. मात्र या म्हणण्याला आम्ही एक मर्यादा घालतो. प्रश्न मंडळीचा असतो, गुपित माणसाचे असते. पहिला उघड्यावर आणण्याचा पाळकास अधिकार आहे. दुसऱ्यास हात लावण्याचा नाही. या मर्यादेविषयी पुढे बोलू.

पाळकाने मंडळीशी नीतीच्या प्रश्नांवर कसे बोलावे याचा एक फार जुना नमुना आपल्या हाती आहे. तो म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिलेले पहिले पत्र. विद्वानांच्या मते ते इ. स. ५४-५५ च्या सुमारास इफिस येथून लिहिले गेले. करिंथ हे दोन बंदरांमधले व्यापारी शहर. तेथे पौल दीड वर्ष राहिला होता, अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबूचे काम करीत होता. तेथील माणसे त्याला नावानिशी ठाऊक होती. या पत्राची आपली ओळख पुष्कळदा तेराव्या अध्यायापुरती, म्हणजे लग्नात वाचण्यापुरती, असते. ते सबंध वाचून पाहावे. त्यात तट पडले आहेत, कोर्टकज्जे आहेत, नवराबायकोचे वेगळे होणे आहे, प्रभुभोजनाच्या वेळी सधनांनी आधी खाऊन घेऊन गरिबांना उपाशी ठेवल्याची तक्रार आहे, आणि शेवटी वर्गणीसुद्धा आहे. काही बातमी ख्लोवेच्या माणसांकडून कळली हे पौल उघड सांगतो. काही प्रश्न मंडळीनेच पत्राने विचारले होते, हे सातव्या अध्यायाच्या आरंभावरून दिसते. म्हणजे मंडळी विचारीत आहे आणि पाळक सर्वांदेखत उत्तर देत आहे, असा हा व्यवहार आहे.

त्या सातव्या अध्यायात एक लहानशी गोष्ट आहे, तिचे आम्हांस फार मोल वाटते. विवाहाविषयी बोलताना पौल मध्येच थांबून सांगतो की, ही आज्ञा प्रभूची आहे, आणि ही दुसरी गोष्ट मी माझे मत म्हणून सांगतो. इतक्या अधिकाराचा मनुष्य, पण प्रभूची आज्ञा आणि स्वतःचे मत यांच्या दोन वेगळ्या राशी करतो. आमच्या किती व्यासपीठांवरून असे ऐकू येते? मुलींच्या पोषाखापासून निवडणुकीतील उमेदवारापर्यंत सर्व काही एकाच स्वरात, एकाच आधारावर सांगितले जाते, आणि मग एक गोष्ट चुकीची ठरली की तरुण माणूस साऱ्याच राशीला लाथ मारून निघून जातो.

मूर्तीस वाहिलेल्या मांसाचा जो प्रश्न त्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत आहे, तो तर भाद्रपद आला की आमच्या वसतिगृहात उभा राहतो. करिंथच्या बाजारात विकले जाणारे मांस पुष्कळदा देवळांतून आलेले असे. मंडळीतले काही म्हणत की, मूर्ती ही काही नव्हेच, तेव्हा खाण्यास हरकत ती कोणती? दुसऱ्यांचे मन ते पाहून व्यथित होई. आमच्याकडे मांसाच्या जागी मोदक आहे. एक मुलगा म्हणतो, मित्राच्या आईने प्रेमाने पुढे केलेले ताट मी कसे नाकारू? त्याच्याच शेजारच्या बाकावरचा दुसरा असा आहे की, त्याच्या आजीने या धर्मासाठी माहेर सोडले; त्याला पहिल्याचे खाणे पाहवत नाही. पौलाचे उत्तर एका ओळीच्या नियमात बसत नाही. ज्यांना ज्ञान आहे त्यांना तो सांगतो की, तुमचे ज्ञान खरे आहे, पण तुमच्या ज्ञानाने भावाचे मन मोडत असेल तर खाऊ नका. आणि ज्याच्या घरी जेवावयास गेलात, त्याच्या ताटातील पदार्थांची चौकशी करीत बसू नका, हेही सांगतो. दोन्ही मुलांना त्यात काही मिळते व दोघांकडूनही काही मागितले जाते. हा विषय प्रार्थनासभेत मोकळेपणी निघाला, तर आमचा अनुभव असा की, मुले आपसांत एकमेकांस ‘बाटगा’ किंवा ‘कडवा’ म्हणण्याचे सोडून विचार करू लागतात.

पौलाची बरोबरी कोणी करावी, असे कोणी म्हणेल. मग प्रेषित नसलेल्या, प्रकृतीनेही सदा आजारी अशा एका पाळकाचे उदाहरण घेऊ. सतराव्या शतकात रिचर्ड बॅक्स्टर हा इंग्लंडातील किडरमिन्स्टर या विणकरांच्या गावी पाळक होता. १६५६ साली प्रसिद्ध झालेले त्याचे पाळकांविषयीचे पुस्तक मिशनच्या धर्मशाळांतून अनेक पिढ्या शिकविले गेले. तो आणि त्याचा सहायक आठवड्यातील दोन दिवस एकेका कुटुंबाला वेगळा वेळ देत, आणि वर्षभरात सुमारे आठशे कुटुंबे पुरी करीत. या गोष्टीची वाहवा सर्वजण करतात. आम्हांस त्याहून नवलाची वाटते ती त्याच्या गुरुवारच्या संध्याकाळची बैठक. तेथे त्याच्या घरी गावकरी जमत, कोणीतरी रविवारच्या उपदेशाची उजळणी करी, आणि मग ज्याला जी शंका असेल, सदसद्विवेकाची जी अडचण असेल, ती तो बोलून दाखवी व तिच्यावर विचार होई. उपदेश ‘आमेन’पाशी संपत नसे, गुरुवारी तो ऐकणाऱ्यांच्या हाती येत असे. विणकराने आपल्या पाळकाला विचारावे की, साहेब, तुम्ही म्हणालात ते बाजारात कसे चालावयाचे, आणि पाळकाने त्याचा राग मानू नये, ही केवढी गोष्ट आहे!

आमच्या मराठी मंडळ्यांस ही रीत परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. १८१३ साली मुंबईत ज्या अमेरिकन मिशनचे काम सुरू झाले व १८३१ साली जे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पोहोचले, ते ज्या परंपरेचे होते तिच्यात मंडळीचा कारभार मंडळीनेच पाहावयाचा असे. पाळकाची निवड, सभासदांचा स्वीकार, शिस्तीचे प्रश्न, हे सर्व सभासदांच्या विचाराने व्हावे असा तिचा मूळ दंडक. शेतमजूर आणि गावकामगार यांच्यातून आलेल्या, गावच्या चावडीत ज्यांना उभेही राहू दिले जात नव्हते अशा माणसांना सभेत बसून ‘माझे मत असे’ म्हणण्याचा हक्क तेथे मिळाला. १८४२ साली याच मिशनने सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राने नीतीचे आणि समाजाचे प्रश्न मराठीत छापून सर्वांच्या वादासाठी मोकळे केले. बाबा पदमनजी यांनी पाळकपदाची दीक्षा घेण्यापूर्वीच, १८५७ साली, ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखाचा प्रश्न वाचकांपुढे ठेवला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१२ पासून १९१९ साली देहावसान होईपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते, १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यात बाप्तिस्मा झालेल्यांस व न झालेल्यांस बरोबरीने जागा होती. आणि लक्ष्मीबाई! ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. पाळकाच्या पत्नीने सोवळेओवळे सुटताना आपल्या मनाची किती ओढाताण झाली हे न लपविता, आणि इतक्या हसत, सांगावे, याहून मोठा उपदेश आमच्या भाषेत कोणी केला असेल असे आम्हांस वाटत नाही.

पुढे १९२४ साली यांपैकी अनेक मंडळ्या उत्तर हिंदुस्थानातील संयुक्त मंडळीत गेल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथांच्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. या ऐक्याचे आम्ही ऋणी आहोत. कारभाराची घडी बदलली. बिशप आले, पाळकांच्या बदल्या आल्या. पॅस्टोरेट कमिटी आहे, तिची निवडणूक आहे, कधी कधी निवडणुकीचा दावाही आहे. पण मतदान राहिले आणि विचारविनिमय आटला, अशी आमची तक्रार आहे. माणसे पंच होण्यासाठी भांडतात. पंच होऊन कोणत्या प्रश्नाचा विचार करावयाचा, याविषयी मात्र कोणी भांडत नाही.

असे कोणते प्रश्न आहेत, ते दोन उदाहरणांनी सांगतो. भारतीय वारसा कायदा १९२५ चा. मृत्युपत्र न करता ख्रिस्ती मनुष्य वारला तर विधवेस एक तृतीयांश व उरलेले मुलामुलींस सारखे, असे त्यात आहे. मुलगा आणि मुलगी यांत तिळमात्र भेद नाही. प्रत्यक्षात काय होते? बाप वारल्यावर चाळीस दिवसही लोटत नाहीत तोच बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. ती सही करते. न केली तर माहेर तुटते, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. सही घेणारा भाऊ पुढच्या रविवारी दानाची थाळी फिरवितो. त्याने पाप केले असे आम्ही म्हणत नाही. कदाचित बहीण सुस्थितीत असेल, कदाचित आईचा सांभाळ भावानेच केला असेल, कदाचित हुंड्याच्या वा लग्नखर्चाच्या रूपाने तिला पूर्वीच काही दिले असेल. हे सर्व तोलून पाहावयाचे आहे, आणि म्हणूनच तो विचारण्याजोगा प्रश्न आहे. परंतु शंभर वर्षांच्या कायद्याविषयी आमच्या व्यासपीठांवरून एकदा तरी बोलले गेले आहे काय? स्त्रियांपैकी कितीजणींना ठाऊक आहे की, त्या जे सोडतात ते त्यांचे होते?

दुसरे उदाहरण याहून कठीण. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्याने ख्रिस्ती नवऱ्यास पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध करणे पुरे होते. पत्नीस मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता, त्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसत्या मारहाणीवर तिची सुटका नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली हा अन्याय दूर केला, आणि २००१ साली संसदेने कायदाच सुधारला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हा भेद चालला. तेवढ्या काळात किती पाळकांनी किती मुलींना प्रार्थना करून सासरी परत धाडले असेल, याची गणती देवाजवळ. विवाह पवित्र आहे, हे आम्ही मानतो आणि वर्गात शिकवितो. तरी नवऱ्याने मोडलेल्या हाताचे प्लास्टर घेऊन प्रभुभोजनास आलेल्या बाईला त्या पावित्र्याचा अर्थ काय सांगावयाचा, हे एकट्या पाळकाने ठरवू नये. त्याच्या एकट्याच्या खांद्यास ते ओझे पेलणारे नाही.

आता जातीविषयी. हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीत नाही, असे म्हणण्याची आपल्यात चाल आहे. प्रभुभोजनाचा प्याला एक आहे, हे खरे. सोयरीक जमविताना मात्र पणजोबा कोणत्या वाड्यातून आले हे आठवते. आमच्या माहितीतील एका मंडळीत एक तरुण व एक तरुणी यांचे मन जुळले. दोघेही तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती, दोघेही नोकरी करणारे. दोन्ही घरांतून नकार आला, आणि कारण कोणीच उच्चारले नाही, कारण ते उच्चारण्याजोगे नव्हते. तेथील पाळक शहाणे होते. त्यांनी त्या दोघांचे नाव काढले नाही, त्यांच्या घरी जाऊन वडिलांना लाजविलेही नाही. काही महिने जाऊ दिले. मग बुधवारच्या सभेत त्यांनी एवढेच विचारले की, आपल्या घरांतील सोयरिकी आपण कशावरून ठरवितो? सभा पहिल्या दिवशी गप्प बसली. दुसऱ्या बुधवारी एक वृद्ध पंच उठले आणि म्हणाले, ‘चार लेकरांची लग्नं केली, चारही वेळा जात पाहिली. आज तोंडानं कबूल करतो.’ दुसरे एक गृहस्थ रागाने सभा सोडून गेले व वर्षभर आले नाहीत. ते लग्न झाले. अर्धे नातलग आले, अर्धे आले नाहीत. सर्व काही गोड झाले असे आम्ही सांगू शकत नाही. परंतु त्या मंडळीत तो शब्द एकदा उघड्यावर आला, आणि आता तो पुन्हा झाकणे सोपे नाही.

याच प्रश्नाला दुसऱ्या रीतीने हात घातल्यास काय होते, हे दक्षिणेतील इतिहासात दिसते. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी आपल्या अधिकारातील मंडळ्यांतून जातिभेद ताबडतोब व कायमचा काढून टाकावा असे आज्ञापत्र काढले. आज्ञा न्याय्यच होती, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण तंजावर वगैरे ठिकाणी शेकडो माणसे मंडळी सोडून गेली. सरफोजी महाराजांच्या स्नेहातले प्रसिद्ध ख्रिस्ती कवी वेदनायकम् शास्त्री यांच्यासारखा भक्तिमान मनुष्य जातीच्या रिवाजाच्या बाजूने उभा राहिला. पत्राने जात गेली नाही. ती बाकांवरून उठून सोयरिकीत आणि दफनभूमीत जाऊन बसली. विल्सनसाहेबांनी बोलू नये होते असे आम्ही म्हणत नाही. ज्यांना खाली बसावे लागत होते त्यांना आणखी शंभर वर्षे थांबा असे सांगण्याचा कोणास अधिकार नव्हता. आमचे म्हणणे इतकेच की, आज्ञेने बाके एक होतात. सोयरीक एक होण्यासाठी त्या बुधवारच्या सभेसारखे काहीतरी लागते.

आता त्या मर्यादेकडे येऊ. त्या शहाण्या पाळकांनी दोघांचे नाव का काढले नाही? कारण त्यांचे प्रेम ही त्यांची ठेव होती. सर्वच पाळकांस हा विवेक असतो असे नाही. दुसऱ्या एका मंडळीत, तिचे नाव सांगण्याची गरज नाही, एका मुलीने आपली व्यथा पाळकांजवळ रडून सांगितली. महिन्याभराने उपदेशात ‘आपल्यातल्याच एका घरची गोष्ट’ म्हणून ती आली. नाव घेतले नव्हते. पण पन्नास घरांच्या मंडळीत नावाची आवश्यकता कोणाला? सर्व माना एका बाकाकडे वळल्या. ती मुलगी नंतर उपासनेस आली नाही. तिच्यामागून तिची धाकटी भावंडेही यावयाची थांबली. त्या पाळकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना दृष्टान्त हवा होता. दृष्टान्तासाठी भगवंताने शेते, मासे, हरवलेली नाणी भरपूर ठेवली आहेत. जुन्या कॅथलिक मंडळीने १२१५ सालच्या लॅटरन परिषदेत असा ठराव केला की, पापनिवेदनात ऐकलेले जो धर्मगुरू उघड करील त्याचे पद जावे आणि त्याने आजन्म मठात प्रायश्चित्त करीत राहावे. आमच्या पंथात तो विधी नाही, म्हणून ती जबाबदारीही नाही, अशी समजूत झालेली दिसते. वस्तुतः जेथे जाळी आणि पडदा नाही, जेथे माणूस समोरासमोर बसून, चहाचा कप हातात धरून बोलतो, तेथे ती अधिक असली पाहिजे. मात्र जेथे लहान मुलावर अत्याचार होत असेल किंवा कोणाच्या जिवास धोका असेल, तेथे गुपिताच्या नावाखाली गप्प बसणे म्हणजे गुन्हेगारास आसरा देणे होय. तेथे पाळकाने पोलिसांकडे जावे, व्यासपीठाकडे नव्हे. ही मर्यादा गुन्हेगारासाठी घातलेली नाही.

आमच्या या म्हणण्यावर आक्षेप येतात. पहिला असा की, पाळकाने धर्माचे बोलावे, जमीनजुमल्याचे नको. यास उत्तर म्हणून आमच्या पंथाचे नसलेल्या एका धर्मगुरूंकडे बोट दाखवितो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिक चालविले, आणि त्यात धर्मग्रामाच्या बातम्यांबरोबर समाजाचे, साहित्याचे व नीतीचे प्रश्न आणून त्याला सर्व मराठी वाचकांचे केले. वसईची शेती, झाडे व पाणी यांवर संकट आले तेव्हा ‘हरित वसई’च्या चळवळीत ते लोकांबरोबर उभे राहिले. शेती विकावी की राखावी, हा त्यांच्या लोकांचा नीतीचा प्रश्न होता. तो टाळून त्यांना कोणता धर्म सांगता आला असता? जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, आजचे धाराशिव, येथे झालेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. पाळकाचे वेतन मंडळीच्या वर्गणीतून येते. सर्वांत जास्त वर्गणी देणाऱ्याच्या घरचे हक्कसोडपत्र तो सभेत कसे काढील? काढू शकणार नाही, आणि त्याला भ्याड म्हणण्यात अर्थ नाही. त्यालाही मुले आहेत, त्यांच्याही शाळेची फी आहे. म्हणूनच ही सभा पाळकाच्या धैर्यावर सोडू नये. महिन्यातून एक बुधवार ती व्हावी असे कमिटीनेच ठरवून वहीत लिहावे, आणि विषय पाळकाने एकट्याने न निवडता चिठ्ठ्यांतून घ्यावा, म्हणजे दोष कोणा एकाच्या माथी येत नाही. चिठ्ठीत नाव किंवा घर ओळखू येत असेल तर ती पाळकाने बाजूला काढून ठेवावी, वाचू नये. पहिल्या सभेत हिशेबाचा विषय घेतला तर बरे. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमविलेली रक्कम पोहोचविण्यास मंडळीने स्वतः पसंत केलेली माणसे पौलाने मागितली होती, आणि जो आपला हिशेब दाखवितो त्यालाच दुसऱ्याच्या घरचे विचारण्याचे तोंड असते. वेळ दीड तासाची असावी. पाळकाने शेवटी बोलावे, आणि बोलताना प्रभूचे कोणते व आपले कोणते हे वेगळे सांगावे.

एक सूचना मात्र आम्ही आग्रहाने करू. आमच्या पुष्कळ मंडळ्यांत अजूनही पुरुष एका बाजूस व स्त्रिया दुसऱ्या बाजूस बसतात. सभेत कोणी पोक्त गृहस्थ प्रथम उठून ‘आपल्यात असे काही नाही’ म्हणाले, की पलीकडच्या बाकांवरील पदर सावरले जातात आणि सभा तेथेच आटोपते. यास्तव पहिली पाळी त्या बाकांची ठेवावी, आणि कोणी उठेपर्यंत, पाच मिनिटे लागोत की दहा, पाळकाने थांबावे.